अकिलीसची टाच : इलियडमध्ये नसलेली ही गोष्ट आली कुठून?

निळीशाई

नमस्कार मंडळी. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या इलियड या महाकाव्याचे भाषांतर नुकतेच पूर्ण वाचून झाले आणि एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. अकिलीसची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते ती अशी : समुद्रदेवी थेटिसने आपल्या तान्ह्या मुलाला अमर करण्यासाठी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुचकळून काढले, त्या वेळी तिने त्याला ज्या टाचेला धरले होते तेवढीच जागा कोरडी राहिली, आणि पुढे ट्रॉयच्या युद्धात तिथला राजपुत्र पॅरिस याचा बाण नेमका तिथेच लागून तो मेला. एरवी बलाढ्य असलेल्या माणसाच्या, संघाच्या किंवा राष्ट्राच्या एकमेव कच्च्या दुव्याला 'अकिलीसची टाच' म्हणतात ते यावरूनच.

मात्र चोवीस सर्ग वाचून झाले तरी मला ही गोष्ट कुठेही भेटली नाही. नदी नाही, टाच नाही, इतकेच काय पण अकिलीसचा मृत्यूही नाही. शेवटच्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा वीर हेक्टर याचे अंत्यसंस्कार होतात आणि काव्य तिथेच संपते. तेव्हा ही गोष्ट मुळात कोणी सांगितली, ती होमरला ठाऊक होती का, आणि तिचा शब्दप्रयोग कधी झाला, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे. आमच्या वाचनगटातल्या मुलांना मी ही कथा सांगणार आहे आणि ती नीट माहिती करून घेतल्याशिवाय सांगण्याची माझी इच्छा नाही.

वाळूघड्याळ

तुमच्या वाचनातून काहीही निसटलेले नाही. होमरच्या अकिलीसला शस्त्र लागते आणि त्याचे रक्तही सांडते. एकविसाव्या सर्गात अस्टेरोपेयस नावाचा योद्धा येतो, जो दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने भाले फेकतो. त्याचा एक भाला अकिलीसच्या ढालीवर अडतो आणि दुसरा उजव्या हाताला कोपराखाली खरचटून जमिनीत रुततो. तिथे काळे रक्त आल्याचे होमर स्पष्ट सांगतो.

त्याहून मोठा पुरावा चिलखताचा आहे. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस त्याचे चिलखत घालून लढायला जातो आणि मारला जातो, आणि हेक्टर ते चिलखत काढून घेतो. सूडासाठी अकिलीस कासावीस झालेला असतानाही आई त्याला अडवते आणि मी नवे चिलखत घेऊन येईपर्यंत रणात उतरू नकोस, अशी गळ घालते. मग अठराव्या सर्गात हेफेस्टस हा लोहार देव ती प्रसिद्ध ढाल घडवतो, जिच्यावर नांगरणी, लग्नाची वरात, न्यायनिवाडा, द्राक्षांची तोडणी असे सगळे जगच कोरलेले आहे. ज्याच्या अंगात शस्त्र शिरूच शकत नाही, त्याच्यासाठी एवढ्या खटाटोपाची गरज काय?

आणि माझ्या मते होमरच्या काव्याचा सगळा ताण अकिलीसच्या मर्त्य असण्यावरच उभा आहे. नवव्या सर्गात तो स्वतः सांगतो की त्याच्यापुढे दोन वाटा आहेत : इथे राहून लढलो तर कीर्ती अमर होईल पण घरी परतणे नाही, आणि घरी परतलो तर आयुष्य दीर्घ पण कीर्ती नाही. हेक्टरच्या मागोमाग तुझेही मरण ठरलेले आहे, असे आई रडत रडत सांगते तेव्हा तो म्हणतो की मग आत्ताच मरण येऊ दे, कारण मित्राच्या वेळेला मी धावून गेलो नाही. ज्याच्या शरीरात मृत्यूला शिरायला एकच फट आहे अशा माणसाच्या तोंडी हे वाक्य इतके जड वाटले नसते.

पारिजात७

त्याच्या मृत्यूचा उल्लेख होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीमध्ये, आहे ना?

वाळूघड्याळ

आहे, पण तो अंत्यविधीचा आहे. चोविसाव्या सर्गात पाताळात ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याचे भूत अकिलीसच्या भुताला त्याच्याच अंत्ययात्रेची हकिगत सांगते. सतरा दिवस शोक झाला, अठराव्या दिवशी अग्नी दिला, आणि अस्थी पॅट्रोक्लसच्या अस्थींबरोबर एकाच सोन्याच्या कलशात ठेवल्या. घाव कुठे लागला याबद्दल तिथे एक शब्द नाही. इलियडच्या बाविसाव्या सर्गात मरता मरता हेक्टर भाकीत करतो की ट्रॉयच्या स्कीयन दरवाजापाशी पॅरिस आणि अपोलो देव मिळून तुला मारतील. मारणारे कोण आणि जागा कोणती हे होमरला ठाऊक आहे, पण टाचेचे नाव तो काढत नाही.

आजोळ

नदीच्या आधी अग्नी होता, हे इथे सांगितले पाहिजे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक कवी अपोलोनियसने जेसन आणि त्याच्या सोबत्यांच्या सफरीवर जे महाकाव्य रचले, त्याच्या चौथ्या सर्गात थेटिस आणि अकिलीसचा पिता पेलेउस यांच्या ताटातुटीची हकिगत येते. थेटिस रोज रात्री बाळाचा मर्त्य अंश आगीत जाळून टाकत असे आणि दिवसा त्याच्या अंगाला अमृत चोळत असे. एका रात्री पेलेउसला जाग आली, आपले मूल ज्वाळांमध्ये तडफडताना त्याने पाहिले आणि तो किंचाळला. थेटिसने रडते मूल जमिनीवर टाकले, ती वाऱ्यासारखी निघून गेली आणि समुद्रात शिरली ती कायमची.

हाच प्रसंग त्याहून जुन्या डिमीटरच्या स्तोत्रात वेगळ्या माणसांच्या नावाने आहे. एल्युसिसच्या राजवाड्यात दाई बनून राहिलेली डिमीटर देवी डेमोफून नावाच्या राजपुत्राला रात्री निखाऱ्यांत ठेवते, त्याची आई ते पाहून आक्रोश करते आणि विधी अर्धवट राहतो. दोन्ही कथांमध्ये देवी मुलाला मृत्यूपासून सोडवू पाहते आणि माणूस घाबरून आड येतो. अर्धवट राहिलेली अमरता हे कथेचे जुने बीज आहे, असे मला वाटते. पुढे आग जाऊन नदी आली आणि पित्याच्या किंकाळीच्या जागी आईची पकड आली. मला स्वतःला हा बदल फार हृद्य वाटतो, कारण त्यात मुलाला वाचवणारा हातच त्याच्या मरणाची जागा राखून ठेवतो.

पोथीघर

नदीचा सर्वांत जुना उल्लेख जो आज आपल्या हाती आहे, तो रोमन कवी स्टेशियसचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने 'अकिलीड' हे महाकाव्य लिहायला घेतले आणि दुसऱ्या सर्गातच ते त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. पहिल्या सर्गात थेटिस मुलाला युद्धापासून लपवण्यासाठी स्किरोस बेटावर आणते आणि मुलीचे कपडे घालायला त्याला विनवते. तो ऐकत नाही. त्या विनवणीत ती म्हणते की जन्मतःच मी तुला स्टिक्सच्या कठोर पाण्याने सुरक्षित केले, आणि लगेच तिच्या तोंडून निघते : 'सगळाच केला असता तर!' एवढेच. टाच हा शब्द इथेही येत नाही, पण काहीतरी बाकी राहिल्याची हळहळ त्या तीन-चार शब्दांत पुरेपूर आहे.

टाच किंवा घोटा स्पष्टपणे सांगणारे लेखक वेगळे आहेत. हायजिनसच्या नावावर असलेल्या लॅटिन कथासंग्रहात अपोलो पॅरिसचे रूप घेऊन अकिलीसच्या पायावर, जी जागा मर्त्य होती असे म्हणतात तिथे, बाण मारतो. ज्या भागाला धरले तेवढा वगळून बाकी शरीर स्टिक्समध्ये बुडवले, हे रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यावर टीका लिहिणारा सर्व्हियस सांगतो. सर्व्हियस चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकालातला. म्हणजे आपण ज्याला 'मूळ' कथा समजतो तिचे सगळे तुकडे एकत्र जुळायला होमरनंतर हजारेक वर्षे गेली.

खापरखुणा

पोथीघर यांची मांडणी ग्रंथांपुरती मान्य आहे, पण ग्रंथ हाच एक पुरावा नव्हे. इसवी सनपूर्व ५४० च्या सुमाराचा एक खाल्किडियन शैलीचा रंगीत कुंभ होता. तो आता हरवलेला आहे, पण त्याचे रेखाटन उपलब्ध आहे. त्यावर अकिलीसचे प्रेत पडलेले आहे, ट्रॉयच्या बाजूचा ग्लॉकस त्याच्या पायाला दोरी बांधून प्रेत आपल्याकडे ओढू पाहतो आहे आणि ग्रीक वीर एजॅक्स ग्लॉकसला भाल्याने भोसकतो आहे. पात्रांची नावे शेजारी लिहिलेली असल्यामुळे ओळखण्यात घोटाळा नाही. आणि प्रेताच्या पायात, घोट्यापाशी, बाण आरपार घुसलेला आहे. स्टेशियसच्या सहाशे वर्षे आधी चित्रकाराला पायातला बाण माहीत होता, मग ही कथा रोमन काळातली कशी म्हणायची?

पोथीघर

त्याच चित्रात दुसरा बाण प्रेताच्या धडात आहे, हे विसरून चालणार नाही. शरीर अभेद्य असते तर तो दुसरा बाण आत गेलाच नसता. पायाला बाण लागून अकिलीस पडला ही परंपरा जुनी असेल, ते मी नाकारत नाही. मात्र 'फक्त तिथेच लागू शकतो' ही कल्पना त्या कुंभावर नाही, आणि आपला शब्दप्रयोग तर नेमका त्याच कल्पनेवर उभा आहे.

गडवाट

खापरखुणा यांच्या बाजूने इलियडमधलाच एक प्रसंग पुढे करतो, ज्याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. अकराव्या सर्गात ग्रीक वीर डायोमीडीज एका मारलेल्या वीराचे चिलखत उतरवत असताना पॅरिस एका थडग्यावरच्या खांबाआड दबा धरून बसतो आणि बाण सोडतो. तो बाण डायोमीडीजच्या उजव्या पावलातून आरपार जाऊन जमिनीत रुततो. पॅरिस हसत उडी मारून बाहेर येतो आणि पोटात का लागला नाही म्हणून हळहळतो. डायोमीडीज त्याला भेकड तिरंदाज म्हणून झिडकारतो, ओडिसियस मध्ये उभा राहून त्याला आडोसा देतो, त्या आडोशाला बसून तो पावलातून बाण उपसतो आणि रथात चढून छावणीकडे परततो.

आता पाहा : मारणारा तोच, शस्त्र तेच, जागा पायाचीच, आणि जखमी होणारा वीर असा की जो अकिलीस रुसून बसलेला असताना ग्रीकांच्या बाजूने त्याच्या तोडीने लढत होता. अकिलीसच्या मृत्यूची कथा होमरच्या श्रोत्यांना आधीच ठाऊक असावी आणि कवीने तिची सावली इथे पाडली असावी, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे आणि मलाही ते पटते. नाहीतर धनुर्धराचा बाण पायाला लागल्याचा एवढा तपशीलवार प्रसंग रचण्याचे कारण दिसत नाही.

पोथीघर

गडवाट, हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. तरीही डायोमीडीज त्या जखमेने मरत नाही, हेही त्याच प्रसंगात आहे.

पोटरी_आणि_पाऊल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जखमेबद्दल लिहिते. पोटरीचे दोन मोठे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड दोरी आपल्याला घोट्यामागे चिमटीत पकडता येते, तिला अकिलीस टेंडन किंवा अकिलीस कंडरा म्हणतात. ती शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा आहे आणि धावताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण सोसते. मात्र टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी असतो, आणि तुटते ती बहुधा तिथेच. बॅडमिंटन खेळताना ती तुटलेले रुग्ण हटकून एकच वर्णन करतात : मागून कोणीतरी पायावर जोरात मारल्यासारखे वाटले आणि वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते. तपासताना आम्ही रुग्णाला पालथे झोपवून पोटरी हाताने दाबतो. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खालच्या दिशेने हलते, तुटलेली असेल तर जागचे हलत नाही.

यातून माणूस मरत नाही, पण त्या क्षणी त्याला टाच उचलून पुढचे पाऊल नीट टाकता येत नाही. युद्धभूमीवर एवढे पुरेसे आहे. खापरखुणा यांनी वर्णन केलेले चित्र मला म्हणूनच अगदी वास्तव वाटते : पहिला बाण पायात लागून वेगवान योद्धा जागच्या जागी खिळतो आणि दुसरा धडात लागून तो मरतो. होमर अकिलीसला वारंवार 'वेगवान पायांचा' म्हणतो, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सागरकाठ

विषारी बाणाची शक्यताही आहे. ओडिसीच्या पहिल्याच सर्गात ओडिसियस बाणांना लावण्यासाठी विष शोधत एफिरा गावी गेल्याचा उल्लेख येतो. तिथला माणूस देवांच्या भीतीने विष देत नाही. हेराक्लीसने बहुमुखी हायड्रा सर्पिणीच्या रक्तात आपले बाण बुडवले होते आणि तेच बाण पुढे फिलोक्टेटीसकडे आले, ज्याने पॅरिसला मारले. तेव्हा पायाला लागलेला बाण जीव घेऊ शकतो, हे त्या श्रोत्यांना अजिबात नवलाचे वाटले नसेल.

आजोळ

सागरकाठ, बाण अपोलोच्या हातचा किंवा त्याने वळवलेला असेल तर विषाचीही गरज राहत नाही. इलियडच्या पहिल्या सर्गात त्याचेच बाण ग्रीकांच्या छावणीत साथीचा रोग घेऊन येतात. देवाचा बाण कुठेही लागला तरी तो प्राणघातकच, असे मानणाऱ्या समाजात ही कथा जन्मली.

देवराई

महाभारताच्या वाचकांना यात काहीतरी ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. अनुशासनपर्वात स्वतः कृष्ण प्रद्युम्नाला दुर्वासांची हकिगत सांगतो. दुर्वासांनी उरलेली खीर कृष्णाला अंगाला फासायला लावली, रुक्मिणीला रथाला जुंपले, आणि हे सगळे त्याने शांतपणे सोसल्यावर वर दिला की जिथे जिथे ही खीर लागली आहे तिथून तुला मृत्यूचे भय नाही, पण तळपायांना का लावली नाहीस? पुढे मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण तळपायालाच लागतो. दुर्योधनाबद्दल गांधारीच्या दृष्टीची जी कथा आपण ऐकतो ती पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत नाही, पण वनपर्वात दानव दुर्योधनाला सांगतात की तुझ्या शरीराचा वरचा भाग शंकराने वज्राचा आणि खालचा भाग देवीने फुलांचा घडवला आहे. म्हणजे तिथेही लोकप्रिय कथा आणि ग्रंथातली कथा वेगळ्या आहेत, जसे इथे अकिलीसचे झाले.

पोथीघर

साम्य विलक्षण आहे, पण त्यावरून कोणी कोणाचे उचलले असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. ग्रीकांकडेच अशा गोष्टी पुष्कळ आहेत. क्रीट बेटाची राखण करणारा ब्राँझचा राक्षस टेलोस सर्वांगाने अभेद्य होता, फक्त घोट्यापाशी एका शिरेवर पातळ कातडी होती. मिडिया नावाच्या जादूगारणीच्या जादूने त्याचा घोटा दगडावर घासला गेला आणि वितळलेल्या शिशासारखे त्याचे सत्त्व वाहून गेले. हीसुद्धा अपोलोनियसच्याच चौथ्या सर्गातली कथा. उत्तर युरोपातल्या दंतकथेत सीगफ्रीड या वीराने ड्रॅगनच्या रक्तात स्नान केले, तेव्हा खांद्यांच्या मध्ये एक पान चिकटून राहिले आणि भाला तिथेच लागला. अभेद्य वीराची कल्पना आली की श्रोता लगेच विचारतो की मग तो मेला कसा, आणि प्रत्येक समाज त्याचे उत्तर आपापल्या परीने शोधतो.

शब्दवेल्हाळ

शब्दप्रयोगाच्या प्रश्नाकडे येतो. शरीरशास्त्रात हे नाव आधी रुळले आणि अलंकारिक वापर नंतर आला, असे उपलब्ध नोंदींवरून दिसते. फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप व्हर्हेयेन यांच्या १६९३ च्या लॅटिन ग्रंथात या कंडरेला अकिलीसची दोरी म्हटले आहे. व्हर्हेयेन धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना आजारपणात त्यांचा पाय कापावा लागला होता आणि त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले, हे कळल्यापासून मी ते नाव विसरू शकलेलो नाही. इंग्रजीतल्या लाक्षणिक वापराचे जे जुने उदाहरण नेहमी दिले जाते ते कवी कोलरिजचे. १८१० मध्ये त्यांनी आपल्या 'द फ्रेंड' या नियतकालिकात आयर्लंडला ब्रिटिश अकिलीसची भेद्य टाच म्हटले.

त्यात अकिलीस आणि टाच दोन्ही आहेत, हे महत्त्वाचे आहे. हल्ली वर्तमानपत्रांत कोणत्याही उणिवेला अकिलीसची टाच म्हटलेले दिसते. ज्या संघाची फलंदाजीही दुबळी आणि गोलंदाजीही दुबळी, त्याच्या क्षेत्ररक्षणाला हा शब्द लावणे योग्य नाही. बाकीचे शरीर अभेद्य असल्याशिवाय टाचेला अर्थ नाही.

पारिजात७

शब्दवेल्हाळ यांच्याशी मी सहमत नाही. शब्दप्रयोग वापरणाऱ्यांच्या हाती गेला की त्याचा अर्थ थोडा सैल होणारच. आणि वर इतक्या जणांनी दाखवून दिलेच आहे की मूळचा अकिलीससुद्धा अभेद्य नव्हता.

उत्तररंग

ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर 'अकिलियन' नावाचा राजवाडा आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने तो १८९० च्या सुमारास अकिलीसच्या नावाने बांधवून घेतला. तिच्या पसंतीचा पुतळा अर्न्स्ट हेर्टर या शिल्पकाराचा, १८८४ चा : अकिलीस जमिनीवर कोसळलेला आहे, डोक्यावर शिरस्त्राण तसेच आहे आणि तो टाचेतला बाण उपसू पाहतो आहे. जवळ उभे राहून पाहिले की पायाची बोटे कशी ताणली गेली आहेत ते दिसते, आणि चेहरा वर आकाशाकडे वळलेला असल्याने जखमेकडे जातो तो फक्त हात. १८९८ मध्ये जिनिव्हात एलिझाबेथची हत्या झाली. १९०७ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने राजवाडा विकत घेतला आणि बागेत अकिलीसचा दुसरा, प्रचंड मोठा पुतळा उभारला, जो भाला घेऊन ताठ उभा आहे. एकाच वीरात दोघांना काय दिसले, हे तिथे गेल्यावर कोणी सांगावे लागत नाही.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. मुलांना मी दोन्ही गोष्टी सांगायचे ठरवले आहे : आधी अस्टेरोपेयसच्या भाल्याने रक्त आलेला आणि सगळे माहीत असूनही युद्धात उतरलेला होमरचा अकिलीस, आणि मग नदीत बुचकळलेले बाळ. डायोमीडीजचा प्रसंग पुन्हा काढून वाचला. पहिल्या वाचनात तो एक साधी चकमक म्हणून वाचला होता, आता मात्र पॅरिस हसत बाहेर येतो तिथे काळजात चर्र झाले. एक शेवटची शंका : नदीची गोष्ट स्टेशियसने रचली, असे मुलांना सांगितले तर चालेल का?

खापरखुणा

तसे सांगू नका. सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख त्याचा आहे, एवढेच म्हणा. पोथीघर यांनी दिलेल्या ओळीतच त्याचे कारण आहे. थेटिस 'सगळाच केला असता तर' एवढेच म्हणते आणि पुढे जाते, कुठला भाग राहिला आणि का राहिला याचा खुलासा कवी करत नाही. नवी कथा रचणारा कवी ती उलगडून सांगतो. स्टेशियसने तसे केले नाही, कारण त्याच्या रोममधल्या श्रोत्यांना ती आधीपासून माहीत होती.

पोथीघर

यावर मात्र खापरखुणा यांच्याशी माझे पूर्ण एकमत आहे. फक्त 'माहीत होती' याऐवजी 'माहीत असावी' म्हणा, कारण त्याच्या आधीचा तो ग्रंथ किंवा ते चित्र अजून कोणाच्या हाती लागलेले नाही.